आण्णांची काळी चार

आमचे आण्णा पोस्टमन होते आणि त्यांना कुणाच्या दारावरची बेल वाजवायची गरज पडत नसे. देवळाली कॅम्पातल्या क्वार्टर्सखाली सायकल उभी करून त्यांनी एकदा "रजिस्टर आलंय होऽऽ" म्हटलं, की ज्या बाईचं रजिस्टर ती ओले हात पुसत खाली यायचीच, पण शेजारच्या दोन इमारतींतल्या बायकाही आपलं काही आहे का बघायला गॅलरीत यायच्या. हा आवाज त्यांनी पोस्टासाठी कमावला नव्हता. तो गाण्यासाठी होता, पोस्टाला नुसता वापरायला दिला होता.

नाशिकरोडला आमची कॉलनी. कॉलनीत विहार, विहारासमोर पटांगण, आणि त्या पटांगणात दर वर्षी एप्रिलातल्या जयंतीला आण्णांची गायन पार्टी. आण्णा गायचे, ढोलकीवर मामा आणि पेटीवर आई. आई पेटी वाजवते ह्याचं बाहेरच्यांना फार नवल वाटायचं. त्यात नवल काही नव्हतं. तीन पेटीवाले आण्णांशी भांडून निघून गेले होते. चौथा असा पाहिजे होता की ज्याला भांडूनही निघून जाता येणार नाही. मग आण्णांनी आईला शिकवलं.

भांडणं सगळी एकाच गोष्टीवरून व्हायची, ती म्हणजे पट्टी. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात, आणि गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती त्याची पट्टी. बहुतेक बाप्ये आपले काळी एकला गातात, फार दम असला तर काळी दोन. आमचे आण्णा काळी चार. म्हणजे इतरांचं गाणं जिथे धापा टाकायला लागतं तिथे ह्यांचं सुरू व्हायचं. ओळख करून देतानासुद्धा ते नाव, गाव आणि पट्टी सांगायचे. कुणी म्हणालं, "आण्णा, थोडं खाली घ्या, बरं लागेल," की संपलं. त्या माणसाच्या घरचं टपाल दोन दिवस उशिरा जायचं असा आईला संशय होता.

आणि अशा माणसाचा आवाज एका जयंतीला भर पटांगणात फाटला. शेवटच्या गाण्यात वरचा सूर लावायला गेले आणि तिथे सूर नव्हताच, नुसती हवा निघाली. मागे उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. आण्णा म्हणाले, मिरवणुकीतली धूळ गेली घशात. आम्ही म्हणालो, हो, यंदा धूळ फारच होती. त्यानंतर रोज सकाळी मोरीत मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा आवाज यायला लागला. घरात कुणी त्याविषयी एक अक्षर बोललं नाही.

बोलली ती जयंती मंडळातली नवी पोरं. दिवाळीनंतर एक बेलबॉटमवाला आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि मग म्हणाला, "आण्णा, लोकांना आता ऑर्केस्ट्रा लागतो. गिटार, बिटार. तुमची पार्टी चांगलीच हाय, पण लोक उठून जातात हो. यंदा तुम्ही करा, पण उठले लोक, तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा बोलावू. वाईट वाटून घेऊ नका."

आण्णांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी त्याहून भयंकर काहीतरी केलं. ते शांतपणे म्हणाले, "गिटार ना? माझी दोन्ही पोरं वाजवतात."

मी दाराआड भाजी निवडत होते. हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी तेव्हा अकरावीत, भाऊ माझ्याहून एक वर्षाने मोठा, म्हणजे नुसता वयाने. आम्ही दोघांनी गिटार पाहिली होती ती लांबूनच, आणि तीही कॅलेंडरवर.

आठवड्याच्या आत आण्णा देवळाली कॅम्पातून सायकलच्या कॅरियरला दोन गिटारी बांधून घेऊन आले. कुणा फौजी साहेबाची बदली झाली होती आणि ते सामान काढत होते. एक साधी गिटार, सहा तारांची. दुसरी लांबलचक, जड, चार जाड तारांची, खर्जातले सूर काढणारी बेस गिटार. भाऊने ताबडतोब दुसरी धरली. म्हणाला, "चारच तारा आहेत, दोनची अक्कल वाचली." शेजारच्या काकू बघायला आल्या आणि हळहळल्या, "अगं बाई, ह्या सतारीच्या दोन तारा कुणी गं चोरल्या?"

शिकवायला मास्तरही आण्णांनीच गाठले. फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात बाजारामागे राहणारे एक म्हातारे गृहस्थ. घरात ते आणि कोंबड्या. फी म्हणून आईच्या हातची बोंबलाची चटणी घ्यायचे. दर रविवारी आम्ही बसने जायचो. आईने जुन्या चादरीच्या फुलाफुलांच्या पिशव्या शिवल्या होत्या, त्यात गिटारी घालून. कंडक्टर म्हणायचा, "पेशंट आडवा करा, बाकीच्यांना उभं राहू द्या."

मास्तरांच्या हातात ढोल बडवायची काठी असायची. चुकलं की ती बोटांवर बसायची. "उंगली खडी! सुलाओ मत! सोने का काम घर जाके!" पहिला महिना एकच कॉर्ड, जी. कॉर्ड म्हणजे काय, तर डाव्या हाताची बोटं दांडीवर ठरलेल्या जागी दाबायची आणि उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम छेडायच्या. ऐकायला सोपं आहे. माझ्या गिटारच्या तारा दांडीपासून इतक्या उंच होत्या की मधून उंदीर न वाकता गेला असता. दाबून दाबून बोटांची सालं निघाली, मग घट्टे पडले, आणि मग एक दिवस भाकरी उलटताना तव्याचा चटकाच लागला नाही. आई म्हणाली, "चला, एवढं तरी कामाचं झालं."

दुसऱ्या महिन्यात सी आणि तिसऱ्यात डी. एकेक कॉर्ड वेगवेगळा छान यायचा. पण जीवरून सीवर जायचं म्हणजे मला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात भाऊ पाणी पिऊन यायचा. मग मी बसमध्ये त्याचं मनगट धरून त्यावर सराव करायला लागले, जी, सी, डी, पुन्हा जी. एका आजीबाईंनी विचारलं, "नाडी बघतीस का गं पोरी? काय झालंय त्याला?" मी म्हणाले, "आजी, ह्याला अक्कलदाढ येत नाहीये." भाऊने पुढच्या रविवारी मनगट दिलं नाही.

एकदा मास्तरांनी मला एफ दाखवला. त्यात पहिलं बोट आडवं टाकून एका दमात सगळ्या तारा दाबाव्या लागतात. मी दाबल्या, आणि वाळक्या लाकडावर थाप मारावी तसा 'फट्' आवाज आला. पुढच्या रविवारी माझ्या पोटात दुखत होतं. भाऊचं मात्र मजेत चाललं होतं. त्याला एका वेळी एकच सूर, एकच तार, एकच बोट. मास्तर त्याला म्हणायचे, "तू नींव है, नींव." तेव्हापासून घरात कुठलंही काम सांगितलं की तो म्हणायचा, पाया कधी हलत नसतो.

आण्णांनी एक नियम केला होता. आधी नीट शिका, मग माझ्या शेजारी बसा. त्यामुळे जयंती दोन आठवड्यांवर आली तेव्हा कुठे आम्ही पहिल्यांदा एकत्र तालमीला बसलो. आण्णा मांडी ठोकून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "लाव काळी चार."

आईने सूर दिला. आण्णांनी तोंड उघडलं. मी मोठ्या ऐटीत जी वाजवला.

काय सांगू! इतकं भयंकर काही मी आजवर ऐकलेलं नाही. मामांनी ढोलकी थांबवून बसकराखाली पाहिलं. म्हणाले, "कुणाच्या बुडाखाली मांजर आलंय का?"

झालं होतं असं की माझा जी म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. आणि काळी चार तिच्या अगदी शेजारची, अर्धाच सूर वर. लांबचे सूर एकमेकांशी जमवून घेतात, पण हे दोघे शेजारी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भाऊने आपली बोटं दांडीवर एक घर वर सरकवली आणि त्याचं जमलं. "माझं झालं बुवा," म्हणून तो भिंतीला टेकला. मला मात्र सरकता येईना. माझे तिन्ही कॉर्ड मोकळ्या तारांचे. मोकळी तार कुठे सरकवणार?

मी म्हणाले, "आण्णा, अर्धाच सूर खाली घ्या ना. पांढरी पाच अगदी शेजारीच आहे."

"शेजारी हाय म्हणून काय झालं? शेजाऱ्याच्या घरात जाऊन ऱ्हातं का कुणी?"

"पण मला तीनच येतात हो."

"मग तुझ्या त्या लाकडाला काळी चार शिकव. म्या माझ्या बापासमोर बी काळी चारच्या खाली गायलो नाय, त्या लाकडासाठी उतरू? जमत नसंल तर स्टेजखाली बसून टाळ्या वाजव."

मी तिथून उठून सरळ मोरीत जाऊन रडले. पाच महिने बोटं सोलून घेतली, मैत्रिणींना सांगून ठेवलं, काकूंनी तर लांबच्या नातेवाइकांना जयंतीला बोलावलं होतं. आणि आता टाळ्या वाजवू?

मग आम्ही उपाय सुरू केले. सगळ्या तारा अर्ध्या सुराने चढवायला घेतल्या. चौथी चढली, तिसरी चढली, दुसरी तुटली आणि भाऊच्या नाकावर बसली. नवी तार मुंबईहून यायची म्हणून मास्तरांनी आपल्या गिटारची काढून दिली आणि बजावलं की आता ताणशील तर कोंबड्या सोडीन अंगावर. त्यांचा उपाय तोच, बोट आडवं टाक आणि सगळं वर चढव. म्हणजे पुन्हा एफचं संकट. "एक साल में आ जाएगा," ते म्हणाले. माझ्याकडे दहा दिवसही नव्हते. दांडीवर घट्ट बसवायची एक क्लिप मिळते, ती लावली की सगळ्या तारा एकदम चढतात, असंही त्यांनी सांगितलं. त्यांची हरवली होती. मग आम्ही पेन्सिल आडवी ठेवून रबरबँडने आवळली. दांडीला मधे बाक होता. कडेच्या तारा दबल्या, मधल्या नुसत्या भणभणत राहिल्या.

शेवटी मी वैतागून भाऊला म्हणाले, "तू सरकतोस, मी सरकू शकत नाही, आण्णा तर मेले तरी सरकणार नाहीत. मग सरकायचं कुणी?"

भाऊ भिंतीला टेकूनच म्हणाला, "पेटी सरकते की."

आयुष्यात त्याने एवढी एकच शहाणपणाची गोष्ट सांगितली, तीही जांभई देत. आमची पेटी आण्णांनी त्र्यंबकच्या एका भजनी मंडळीकडून जुनी घेतलेली, आणि ती स्केलचेंजर होती. म्हणजे काय, तर तिच्या पट्ट्यांची अख्खी फळी जराशी उचलून डाव्या-उजव्या बाजूला घराघराने सरकवता येते. बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात, आवाज मात्र वरचा किंवा खालचा येतो. वेगवेगळ्या गाणाऱ्यांसाठी केलेली सोय ती. आमच्याकडे गाणारा एकच आणि त्याची पट्टी दगडावरची रेघ, त्यामुळे फळी कुणी कधी हलवलीच नव्हती.

दुपारी आण्णा ड्यूटीवर असताना आम्ही पेटीवर बसलो. कोपऱ्यांत कित्येक वर्षांची धूळ. शिवणयंत्राचं तेल सोडलं, पक्कडीच्या दांड्याने हलकेच ठोकलं, आणि फळी 'खट्' करून एक घर खाली आली. आणि नेमकी तेव्हाच आई दारात उभी!

आम्ही सगळं खरं सांगून टाकलं. दुसरं करणार काय, पक्कड हातात होती. आईने पदराला हात पुसले, पेटीसमोर बसली आणि आपल्या नेहमीच्या जागी काळी चार दाबली. आवाज आला पांढऱ्या पाचचा. मी कोपऱ्यातून जी वाजवला. दोन्ही सूर असे मिसळले की आई पदर तोंडाला लावून हसतच सुटली.

"मला बाई काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "माझी बोटं जिथल्या तिथं." मग हसणं थांबवून जरा हळू म्हणाली, "त्यांनाही बरं पडेल. तो वरचा सूर…" पुढचं आम्हाला कळलं.

ठरलं असं की फळी सरकवायची ती जयंतीच्या दिवशीच. "घरात नको," आई म्हणाली, "घरात त्यांचे कान मोकळे असतात." तोपर्यंतच्या तालमींना मी डावा हात तारांवर नुसता ठेवून उजव्या हाताने छक-छक वाजवत राहिले. सूर नाहीच, तर चुकणार काय? आण्णा मान डोलवून म्हणाले, "बघ, जमलं का नाय? मनावर घेतलं की लाकूड बी वर चढतं." भाऊ हसू आवरायला बाहेर गेला.

जयंतीची संध्याकाळ. मिरवणूक परत आलेली, निळ्या पताका, विहारात वंदना झालेली, बायका सतरंजीवर पोरांना घेऊन बसलेल्या. बेलबॉटमवाला स्टेजच्या पायरीशी हाताची घडी घालून उभा, लोक उठतात का ते मोजायला. फळी सरकली की पेटीच्या कडेला बोटभर फट दिसते, म्हणून आईने तिच्यावर निळा रुमाल अंथरला आणि वर फुलं ठेवली, म्हणजे भक्तीचंही काम झालं. भाऊच्या बेसची वायर माइकवाल्याने आपल्या मशिनीत खुपसली होती. पण त्या काळात सगळा आवाज झाडाला बांधलेल्या पत्र्याच्या कर्ण्यांतून यायचा, आणि कर्ण्यातून खर्ज येत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? बाहेर ऐकू यायचं ते नुसतं टिक-टिक. पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, "वाजवतोय का खाजवतोय?"

"लाव काळी चार," आण्णा गरजले.

आईने लावली. आण्णांनी पहिला सूर काढला आणि मधेच थांबले.

त्यांनी पेटीकडे पाहिलं. रुमालाकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे, माझ्या जी कॉर्डवर रोवलेल्या बोटांकडे पाहिलं. तांब्या उचलून सावकाश पाणी प्यायले. संपलं, मी मनात म्हटलं, आता सगळ्यांसमोर पेटी उचलून आपटतात. आई रुमालाच्या फुलांकडे पाहत बसली होती.

आण्णांनी तांब्या खाली ठेवला, मिशी पुसली. "घशात धूळ हाय," माइकमध्ये म्हणाले, "चालू दे."

आणि गायले. अहाहा! जी, सी, डी, पुन्हा जी. मी तीन खोल्यांच्या घरात फिरावं तशी फिरत होते आणि आण्णांचा आवाज माझ्या डोक्यावरून पटांगणभर जात होता. शेवटचं गाणं आलं. वरचा सूर जवळ आला तशी आईची मान खाली गेली. मागच्या वर्षी हसलेली पोरं पुढे सरसावली. आण्णांनी हात वर केला, आणि सूर लागला. स्वच्छ. आणि त्यांनी तो धरून ठेवला, त्या पोरांकडे बघत, मुद्दाम. एक माणूस उठला नाही.

बेलबॉटमवाला स्टेजवर चढून पाया पडला. "आण्णा, काय आवाज लागलाय! पुढच्या वर्षीचं पक्कं."

"काळी चार हाय ती," आण्णा म्हणाले. "चेष्टा नाय."

आम्ही तिघं वायरी गुंडाळण्यात फार गढून गेलो होतो.

त्यानंतर पार्टी वर्षानुवर्षं चालली. आवाज वयाने उतरत होता, आणि आई दर दोन-तीन जयंत्यांना फळी गुपचूप आणखी एक घर खाली घ्यायची, की मी माझ्या तारा तेवढ्याच सैल करायची. मी शिक्षिका होऊन हरसूलला लागले. तिथल्या भाड्याच्या खोलीत, ऐकायला कुणी नसल्यामुळे, मला एकदाचा एफ आला, आणि मग बाकीचे सगळेच आले. भाऊ सातपूरला कारखान्यात लागला. ज्या वर्षी मंडळाने पहिल्यांदा मोठे बॉक्स आणले, त्या वर्षी त्याचा बेस लोकांना प्रथमच ऐकू आला आणि त्यांना वाटलं जनरेटर सुरू झाला. मी सुट्टीला घरी आले की आई चुलीपाशी बसून मला बोटं दाखवायची, यंदा तीन, यंदा चार. जेवताना मी मुद्दाम विचारायची, "काय आण्णा, अजून काळी चारच?" ते म्हणायचे, "मग!" की आम्ही तिघं ताटात तोंड घालून बसायचो. आपल्या बापाला आपण किती सांभाळून घेतो ह्याचा मला फार अभिमान होता. म्हातारा खूश, आपण हुशार.

आण्णांच्या रिटायरमेंटच्या आदल्या जयंतीला मी हरसूलहून एसटीने आले ती घरी न जाता सरळ पटांगणावरच उतरले. दुपारचं ऊन, स्टेज बांधून तयार, आसपास कुणी नाही. म्हणजे असं मला वाटलं. स्टेजवर आण्णा एकटे पेटीसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, निळा रुमाल उचलला, दोन्ही हातांनी फळी अलगद वर केली, एक घर खाली सरकवली आणि रुमाल पुन्हा अंथरून कोपरे नीट केले. ते बघतच मी तिथे उभी राहिले.

"आण्णा, काय करताय?"

ते दचकले. "पेटी पुसतोय."

"रुमालाखाली?"

मी वर चढून त्यांच्यासमोर बसले. "कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"काय कधीपासून?"

"आण्णा!"

"पहिल्या वर्षापासून," ते म्हणाले. "तोंडातनं सूर काढला आन् तो माझा नव्हताच. पोस्टमन हाय मी. सगळ्या गावाची घरं पाठ, आन् माझंच घर चुकंल व्हय?"

मला इतका राग आला! एवढी वर्षं आम्ही ताटात तोंड घालून हसत होतो, आणि हा माणूस समोर बसून भाकरी मोडत आमची मजा बघत होता. "मग तेव्हाच बोलला का नाही? पांढऱ्या पाचला उतरायचं नव्हतं ना तुम्हाला? बापासमोरसुद्धा गायला नव्हतात ना?"

आण्णांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटांवरचे घट्टे आता जुने झाले होते.

"तुला तीनच येत होते ना गं," ते म्हणाले. "आन् तुझी बोटं पार सोललेली. मी वर गेलो असतो तर तू खाली टाळ्या वाजवीत बसली असतीस."

मला रडू फुटलं. राग होताच, तो काही गेला नाही, त्याच्यासकट रडले. आम्ही त्यांना उतरवलं असं मी दहा वर्षं समजत होते. ते आपले आपण उतरले होते, माझ्यासाठी, सगळ्या कॉलनीसमोर, आणि वरून काळी चार म्हणून ओरडत होते.

"आणि आज?" मी डोळे पुसत विचारलं.

"आज माझं माझ्यासाठी. तुझी आई चारच घरं खाली घेती. नाय पुरत आता." मग त्यांनी विचारलं, "तुला आता किती येतात?"

"पुष्कळ. एफसुद्धा."

"मग मी कुठं बी उतरलो तर येशील ना मागनं?"

"येईन."

"तिला सांगू नको," ते उठत म्हणाले. "तिला वाटतं मला ठाऊक नाय."

संध्याकाळी पटांगण भरलं. आई पेटीपाशी बसली, रुमालावरून हात फिरवला आणि भोळं तोंड करून समोर पाहिलं. आण्णांनी मांडी ठोकली, डोळे मिटले आणि नेहमीसारखे गरजले, "लाव काळी चार!"

आईने पट्टी दाबली. सूर तिच्या अंदाजापेक्षा खाली निघाला, तशी तिने वळून माझ्याकडे असं खाऊ की गिळू पाहिलं की विचारू नका. तिला वाटलं, मीच सरकवली. मी मान खाली घातली. दांडीवर हात ठेवला, बोटं मोकळी सोडली, आणि आण्णांचा पहिला सूर कुठे लागतो त्याची वाट पाहत बसले.